३१ किंवा ४९: ‘किंवा’ आणि ‘ऑर’

नागपूरच्या एका वाचकाने विचारले आहे: पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘ऑर’ला (or) मराठीत ‘किंवा’ म्हणावे की ‘अथवा’? आणि ‘(एमएचनंतरचा) नंबर ३१ किंवा ४९ असेल तर गाडी नागपूर शहराची’ हे जसेच्या तसे कोडमध्ये उतरवले, तर वर्ध्याची गाडीही नागपूरची का ठरते?

शब्दापुरते बोलायचे तर किंवा, अथवा, वा, तिन्ही चालतील. ‘की’ मात्र नको. ‘बसने जाणार की रेल्वेने?’ यात दोहोंपैकी एकच निवडायचे असते. ऑरला दोन्ही बाजू खऱ्या असल्या तरी चालते.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘नंबर ३१ किंवा ४९ असेल तर’ या वाक्यात ४९च्या आधीचा ‘नंबर’ अध्याहृत आहे. ऐकणारा तो मनातल्या मनात भरून घेतो, पायथन घेत नाही. तुलना (‘==’, म्हणजे ‘समान आहे का’) ऑरच्या आधी सोडवली जाते, म्हणून ‘नंबर == ३१ ऑर ४९’ची फोड ‘(नंबर == ३१) ऑर (४९)’ अशी होते. आता वर्ध्याची एमएच ३२ घ्या. डावी बाजू खोटी. उजवीकडे उरले नुसते ४९, आणि शून्य सोडून कुठलीही संख्या पायथन खरीच धरतो. हे प्रिंट केले तर ‘ट्रू’ नाही, चक्क ४९ छापून येते, कारण ज्या बाजूवर निकाल ठरला तिचे मूल्यच ऑर परत देतो. तेव्हा अध्याहृत ते लिहून काढायचे: ‘नंबर == ३१ ऑर नंबर == ४९’. आटोपशीर हवे असेल तर ‘नंबर इन (३१, ४९)’, म्हणजे नंबर या दोहोंपैकी एक आहे का.

‘आणि’ही असाच चकवतो. ‘३१ आणि ४९च्या गाड्यांना पार्किंग मोफत’ हे बोलताना बिनचूक आहे. पायथनचा अँड (and) वापरून लिहिले तर एकाही गाडीला सवलत मिळणार नाही, कारण एकाच गाडीवर दोन्ही नंबर कसे असतील? इथला ‘आणि’ दोन गट एकत्र करतो. एकेक गाडी तपासताना त्याचा ऑर होतो.

नकारात तर हमखास घसरायला होते. ‘३१ किंवा ४९ नसेल तर’ हे ‘नंबर != ३१ ऑर नंबर != ४९’ असे लिहिले (‘!=’ म्हणजे ‘समान नाही’) की अट कायम खरी, कारण दोहोंपैकी एक तरी नंबर जुळतच नाही. तिथे अँड हवा. नकार आत नेला की ऑरचा अँड होतो, हा नियम गणितज्ञ डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा.

एका ठिकाणी मात्र मराठी ‘आणि’ आणि अँड अगदी जुळतात. ‘संख्या != ० अँड बेरीज / संख्या > ३५’ (सरासरी ३५च्या वर आहे का) यात संख्या शून्य निघाली की अँड उजवीकडे बघतच नाही आणि शून्याने भागाकार टळतो. बाजू उलटवल्या तर प्रोग्राम तिथेच कोलमडतो. ‘कुलूप उघडले आणि आत गेलो’ हे वाक्य उलटे म्हणून पाहा.