लॅपटॉपवर चहा सांडलाय? आधी बंद कर

अरे टेन्शन घेऊ नकोस, बरेच लॅपटॉप यातून वाचतात, पण "चालतोय की अजून" म्हणून फाईली सेव्ह करत बसलास तर मात्र गेलं.

१. भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढ आणि स्क्रीन काळी होईपर्यंत पॉवर बटण दाबून धर, शटडाऊनची वाट बघू नको.
२. माऊस, पेनड्राईव्ह उपट. बॅटरी निघत असेल तर तीही.
३. स्क्रीन उघडून तंबूसारखा उलटा टॉवेलवर ठेव. झटकू नको, चहा आत पसरतो.

तांदळाच्या डब्यात ठेवून सुकवायचं खूळ डोक्यातून काढ, आतलं पाणी त्याने निघत नाही, वर पोर्टमध्ये पीठ जातं. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे दोन तासांनी "बघू तरी" म्हणून चालू करणं. नुसतं पाणी असतं तरी दोन दिवस थांब म्हणालो असतो, तुझा तर दुधासाखरेचा चहा, तो वाळला तरी चिकट थर राहतो आणि मदरबोर्ड (आतलं मुख्य सर्किट) हळूहळू गंजतो, त्यामुळे नुसतं वाळवून भागणार नाही, उद्याच रिपेअरवाल्याकडे नेऊन उघडून साफ करून घे. आणि चहा सांडला हे त्याला सरळ सांग, लोक उगाच लपवतात. डेटाचं नंतर बघू, एसएसडी (जिच्यात फाईली साठवलेल्या असतात) बऱ्याचदा वेगळी काढता येते.