रॅम्प रुंद करायचा म्हणून भिंतीकडची चर खाऊ नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चंद्रपूरकडची ओपनकास्ट (उघडी) खाण, खालच्या रॅम्पवर (डंपरच्या चढ-उताराच्या रस्त्यावर) रात्रपाळीत वरून दगड येतात, एका डंपरची काच फुटली. ऑफिस म्हणतं स्लोप स्टेबल आहे, म्हणजे भिंतीचा उतार पक्का आहे, रिपोर्ट आलाय. आणि आता स्टीलची जाळी लावायचं चाललंय. फोटोही पाहिले. बोर्ड, टॉवर लाईट, ब्लास्टिंगनंतरची तपासणी हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. माझी सगळी नोकरी वणी पट्ट्यातल्या खाणींत ओव्हरमन (पाळीवर देखरेख करणारा) म्हणून झाली. मी जिओटेक्निकलवाला (माती-खडकाच्या मजबुतीचा हिशेब करणारा) नाही, तेव्हा आकडे तुमच्याकडच्या जाणकाराकडून तपासून घ्या.

आधी त्या रिपोर्टबद्दल. फॅक्टर ऑफ सेफ्टी (उताराला धरून ठेवणारा जोर त्याला खाली ओढणाऱ्या जोराच्या किती पट) 1.3 आला म्हणजे अख्खा उतार एकदम बसणार नाही, एवढंच तो सांगतो. सुटा दगड त्या हिशेबात धरलेलाच नसतो. मध्ये कुठे न आपटता 30 मीटर खाली आलेल्या दगडाचा वेग ताशी 85 किलोमीटरच्या पुढे जातो, मग तो मुठीएवढा का असेना. 29 डिसेंबर 2016 ला झारखंडच्या राजमहल खाणीत डंप (खोदून टाकलेल्या मातीचा ढीग) घसरून 23 माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडे तरी सगळ्यांच्या डोक्यात मोठी घसरणच बसली. रडार भिंतीची हालचाल दाखवतं. फटीत अडकलेला एकटा धोंडा कधी निसटेल, हे त्याला कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, कारण तुमच्या फोटोत मला तीच दिसतेय. आमच्या रॅम्पला भिंतीकडून चर होती आणि चरीच्या बाहेर मातीचा बर्म, म्हणजे बांध. दगड पडायचे ते चरीत. मग 60 टनीच्या जागी 100 टनी डंपर आले. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याला सर्वांत मोठ्या गाडीच्या रुंदीच्या तिप्पट रुंदी हवी, आणि ही गाडीच सहा मीटरच्या आसपास. दरीकडे सरकायला जागा नव्हती. नकाशे काढणाऱ्या ऑफिसने काय करावं? चर ‘वापरात नसलेली जागा’ म्हणून दाखवली, बर्म डोझरने भिंतीला चिकटवला, झाला रस्ता रुंद. कागदावर सगळं नियमात. दरीकडचा बर्म टायरच्या उंचीचा, तपासणीला येणारे तोच मोजून जायचे. त्या पावसाळ्यात दगड थेट वाहतुकीच्या पट्ट्यात यायला लागले. वॉटर टँकरच्या केबिनवर एक पडला, ड्रायव्हर वाचला तो नशिबाने. आम्ही पत्रं लिहिली. उत्तर काय, तर स्लोप स्टेबल आहे आणि रस्त्याची रुंदी मंजूर आहे. त्या साहेबांना पावसात एकदा तरी त्या रॅम्पवर उभं करायला हवं होतं, असं अजून वाटतं.

माझं मत विचाराल तर रुंदी कमी पडत असेल तेव्हा तेवढ्या तुकड्यात एकेरी वाहतूक करा. फेऱ्या कमी होतील, प्रॉडक्शनवाले ओरडतील, ओरडू द्या. चर सोडू नका. चरीच्या तळाला भुसभुशीत माती राहू द्या, ग्रेडरने गुळगुळीत करू नका. कडक तळावर दगड उसळतो आणि बर्म ओलांडतो. बर्मलाही बारीक ओबी (कोळशावरून काढलेली माती-मुरूम) वापरा, मोठे धोंडे नकोत.

आता वरच्या बेंचेस, म्हणजे भिंतीत कापलेल्या पायऱ्या, बघा. अमेरिकेत रिची नावाच्या इंजिनीअरने रस्त्याकडेच्या कड्यांवरून दगड सोडून निरीक्षणं केली, ती 1963 साली छापून आली. त्यावरून पुढे खाणीसाठी एक ठोकताळा निघाला: दगड अडवणाऱ्या बेंचची रुंदी म्हणजे उंचीचा पाचवा हिस्सा अधिक साडेचार मीटर. 10 मीटर उंचीला साडेसहा, 15 ला साडेसात. पण ही रुंदी रिकाम्या बेंचची. तो ढिगाऱ्याने भरला की त्याची घसरगुंडी होते, वरचा दगड त्यावरून उसळून आणखी लांब जातो. आणि बेंच साफ करायला डोझर जायचा कुठून? पुष्कळ ठिकाणी वाटच ठेवलेली नसते. प्लॅनमध्ये एका टोकाला वाट मागून घ्या, लेखी.

ड्रेसिंग, म्हणजे भिंतीवरचे सुटे दगड पाडणं, शॉवेल (खोदणारं यंत्र) तिथे असतानाच करून घ्या. बेंच खाली गेला की वरची भिंत हाताला लागत नाही, मग खालून टोचाटोची सुरू होते, तो खरा जीवघेणा प्रकार. शेवटच्या ओळीतली होल्स (सुरुंगाची भोकं) नेहमीच्याच चार्जने (स्फोटकाच्या मात्रेने) उडवली की मागची भिंत फुटते आणि वर्षानुवर्षं सोलत राहते. अंतिम भिंतीला प्री-स्प्लिट (कडेच्या ओळीत हलक्या चार्जने आधीच सरळ चीर पाडणं) करा म्हणून ब्लास्टिंगवाल्याच्या मागे लागा.

आपल्याकडे उन्हाळ्यात वरची काळी माती भेगाळते, पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्यातून थेट खालच्या वाळूखडकाच्या सांध्यांत शिरतं. मे संपायच्या आत माथ्यावरच्या भेगा बुजवा, पाणी बाहेर काढणारी नाली खोदा. जाळीपेक्षा स्वस्त आहे.

जाळी वाईट नाही, पण ती जास्त दिवस टिकणाऱ्या, ब्लास्टिंगपासून लांबच्या भिंतीला. तुमचा रॅम्प दोन वर्षांत सरकणार असेल तर तो पैसा डोझरच्या तासांवर घाला. खाली साचलेला माल काढला नाही तर जाळीचंही पोट फुगतं.

आणि आजच करण्यासारखं एक. तुमच्या फोटोत डंपर भिंतीखाली रांगेत उभे दिसतात, शिफ्ट बदलाची जीपही तिथेच. ती जागा हलवा, याला कुणाची मंजुरी लागत नाही. रॅम्पच्या वर किती बेंच आहेत, शेवटचा साफ कधी झाला आणि चर मुळात होती का, ते कळवा. मग पत्रात काय लिहायचं ते सांगतो.