महिना 25,000 फिक्स: घ्या, पण तास ठरवून

प्रश्न: सोलापुरात घरूनच ग्राफिक डिझाईनची कामं करते. लोगोचे 3,000, बॉक्सचे 4,000 असे सुटे दर आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक चादर-टॉवेल कारखानदार म्हणतोय, 'महिना 25,000 घ्या, आमचं सगळं काम बघा.' घरखर्च, सॉफ्टवेअर, विमा, बचत धरून मला महिन्याला 50,000 लागतात. हो म्हणू का?

उत्तर: हो म्हणा, पण तासांची मर्यादा घालून.

आधी तुमचा तासाचा दर काढू. 25 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 200 तास. फोन, कोटेशन, बिलाचा तगादा यांत त्यातले 80 तरी जातात आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. उरले 120. 50,000 ला 120 ने भागलं की 417 येतात, 420 धरा. लोगोला 3,000 घेताना सात तासांच्या वर गेलात, तर ते काम तोट्यात.

या दराने 25,000 मध्ये 60 तास बसतात. तेवढ्यापुरता सौदा चोख आहे, शिवाय निम्मा खर्च दरमहा नक्की निघतो. अडचण दिवाळीच्या तोंडावर येईल. नवे बॉक्स, कॅटलॉग, एकाच लेबलची सिंगल, डबल, टॉवेल अशी वेगवेगळी मापं... 100 तास गेले की दर 250 वर घसरतो आणि इतर गिऱ्हाइकांसाठी उरतात 20 तास.

म्हणून लेखी ठरवा: 60 तास, पुढे तासाला 500, प्रत्येक डिझाईनला दोनदाच दुरुस्ती, पैसे 5 तारखेपर्यंत आगाऊ, थांबवायचं तर दोन्ही बाजूंनी महिन्याची नोटीस. छपाईआधी प्रूफवर मालकाची सही घ्याच. वजन किंवा एमआरपी चुकून हजारो बॉक्स छापले गेले, तर भुर्दंड कुणाचा यावरूनच भांडण होतं.

'फ्लेक्सवाला डिझाईन फुकट देतो' हे ऐकावं लागेलच. तो ते चौरस फुटाच्या दरात वसूल करतो. तुम्हाला छपाईतून काही मिळत नाही.

कारखान्याने 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला तर हातात 22,500 येतील. उरलेले 2,500 रिटर्नमध्ये जमा धरले जातात, पण तोवर घरखर्च तेवढ्यातच भागवायचा. जीएसटीची काळजी नको. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र आजच करा, ती मोफत आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर तो खर्च कारखानदाराला त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच येतो. मार्चमध्ये त्याचा सीए स्वतःच त्याला आठवण करून देईल.

मालक तासांना तयार नसेल तर महिन्याचा सौदा सोडा आणि सुटे दरच द्या, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. बॉक्सचा दर मात्र 4,000 वर ठेवू नका. दुरुस्त्या धरून त्याला 12 तास लागत असतील, तर तो 5,000 च्या वरच हवा.