अल्ट्रामॅनला क्रिप्टोनाइटने मारता येतं का?

नाही, सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या या हिरव्या खड्याने उलट त्याची ताकद वाढते. अल्ट्रामॅन म्हणजे डीसी कॉमिक्समधल्या अर्थ-थ्री या समांतर पृथ्वीवरचा दुष्ट सुपरमॅन. तो ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’च्या २९व्या अंकात, १९६४ साली पहिल्यांदा आला. त्या जगात सगळंच उलटं: कोलंबस अमेरिकेतून निघून युरोप शोधतो! तिथे क्रिप्टोनाइटजवळ गेला की दर वेळी त्याला एक नवीन शक्ती मिळते.

गोंधळ होतो तो आवृत्त्यांमुळे. २००० सालच्या कथेत तो सुपरमॅनसारखा क्रिप्टॉन ग्रहावरचा नाहीच, परग्रहवासीयांनी बदलून टाकलेला माणूस आहे. २०१३च्या ‘फॉरेव्हर इव्हिल’मध्ये मात्र तो हिरव्या खड्याची पूड करून नाकाने ओढतो आणि ऊन त्याला सोसत नाही, म्हणून चक्क चंद्र ढकलून सूर्य झाकतो. तेव्हा या अल्ट्रामॅनवर उपाय एकच, ऊन. जपानी टीव्ही मालिकेतला अल्ट्रामॅन वेगळा, तो १९६६चा.