मराठीची एम.ए., मग पीएच.डी. कशात?

मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलंय: 'मुलगी एम.ए. मराठी, 62 टक्के. नाटकाचं वेड आहे. आता डिजिटल कला आणि मानव्यविद्या अशा विषयात पीएच.डी. करायची म्हणते. हे धड मराठी नाही, धड कॉम्प्युटर नाही. नोकरी कुठल्या खात्यात मिळणार?'

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे प्राध्यापकांच्या जाहिराती निघतात त्या मराठी, इतिहास अशा एकेका विषयाच्या. तिला कॉलेजात शिकवायचं असेल तर नोंदणी मराठी विभागातच करावी आणि डिजिटल पद्धत प्रबंधात वापरावी.

विषय मात्र फॅड नाही: साहित्य, नाटक, इतिहास यांचा कॉम्प्युटरच्या मदतीने अभ्यास, असा तो आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. पुढच्या नाटक मंडळ्या कुठल्या गावी किती मुक्काम करत, कुठे कोणता खेळ लावत? जुनी हस्तपत्रकं आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती तक्त्यात भरून नकाशावर मांडल्या, की एकेक कागद वाचून न कळणारं बरंच काही दिसू लागतं. कामापुरतं कोडिंग सहा-आठ महिन्यांत जमतं. नाटकाची जाण तशी जमत नाही, आणि ती तिच्याकडे आहे.

आयर्लंडमधल्या विद्यापीठांनी मिळून अशी चार वर्षांची पीएच.डी. आखली होती: आधी वर्ग, मध्ये एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम, शेवटी प्रबंध. आपल्याकडे ते मधलं काम नसतं, ते तिलाच जुळवावं लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं, त्यात किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क. महिलांना 2 वर्षांपर्यंत जादा मुदत मिळू शकते. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. गाडी अडते ती मार्गदर्शकापाशी. मराठीच्या गाइडना डेटाबेस नको असतो, कॉम्प्युटरवाल्यांना नाटक. म्हणून दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक अर्ज करण्याआधीच विचारून ठेवावा. या विषयाचाच स्वतंत्र अभ्यासक्रम हवा असेल तर आयआयटी जोधपूरला तो आहे, पण मग वर सांगितलेली जाहिरातीची अडचण लक्षात ठेवून जावं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, म्हणजे तुमच्यावर भार नाही. ती नसताना पाच-सहा वर्षं घरच्या पैशांवर काढू नयेत, असं माझं मत आहे. आधी नेट.

तोवर तिला एक काम सांगा. कोणत्याही एका नाटक मंडळीच्या पन्नास जाहिराती शोधून तारीख, गाव, नाटक, तिकीटदर असा तक्ता करू दे. कंटाळा न येता पन्नासावी नोंद झाली, तर तो तक्ता घेऊन मला भेटायला पाठवा.