"मला झालं नाही ना?" या प्रश्नाला कितीदा उत्तर द्यायचं?

साथीच्या दिवसांत हा प्रश्न घाबरलेल्या माणसापेक्षा घरचेच जास्त घेऊन येतात. "ती दिवसातून वीस वेळा विचारते. धीर देऊन देऊन आम्ही थकलो. आता काय सांगायचं?"

फ्लूची साथ जोरात होती. चाळिशीच्या एक बाई, सोबत नवरा. ऑफिसात शेजारी बसणारीला फ्लू झाला, त्याला बारा दिवस उलटले होते. बाईंना लक्षण एकही नव्हतं. पण थर्मामीटर पर्समध्ये, आणि दिवसातून चौदा वेळा तोंडात. बोलता बोलताही हात पर्सकडे जात होता.

आधी माहिती द्यावी, आणि नेमकी द्यावी. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण 1 ते 4 दिवस लागतात. म्हणजे त्या सहकारी बाईंकडून आलेला धोका केव्हाच टळला होता. घरच्यांनी हे सांगितलंच नव्हतं. ते म्हणत होते, "तुला काही होणार नाही." वाक्य मायेचं आहे, पण ती हमी झाली. साथीत अशी हमी कुणालाच देता येत नाही, हे घाबरलेल्या माणसाला बरोबर कळतं. म्हणून लगेच पुढचा प्रश्न येतो, "कशावरून?"

नेमकं कळल्यावर बाई मोकळ्या झाल्या. दोन तास. मग, "पण बसमध्ये तो खोकत होता त्याचं काय?" इथे माहितीचं काम संपतं. यापुढचं प्रत्येक उत्तर म्हणजे खाज सुटलेली जागा खाजवणं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि खाज वाढते.

बाईंना एक वही दिली, चार रकान्यांची: वेळ, मोजावंसं का वाटलं, आकडा, आणि हायसं किती वेळ टिकलं. खरं कामाचा चौथा रकाना. पहिल्या दिवशी तिथे 40 मिनिटं होती, आठवडाअखेर 10. शिवाय 99 च्या वरचे सगळे आकडे संध्याकाळचे किंवा गरम काही पिऊन लगेच घेतलेले निघाले. शरीराचं तापमान पहाटे कमी आणि दिवस कलताना जास्त असतं, फरक अंशभर फॅरेनहाइटचा पडू शकतो. खाल्ल्याप्यायल्यावर अर्धा तास थांबून मोजावं. ताप धरतात तो सहसा 100.4 पासून.

मोजणं एकदम बंद केलं नाही. चौदावरून आठ, मग चार, मग सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी दोनदा. मध्येच ऊर्मी आली तर आधी दहा मिनिटं थांबायचं. भीती शिगेला जाते आणि न मोजताही उतरते, हे अंगाने अनुभवावं लागतं. मोजून टाकलं की ती संधी जाते. थंडी वाजली किंवा अंग मोडून आलं तर मात्र तेव्हाच मोजायचं.

गडबड झाली ती नवऱ्याकडून, तीही चांगल्या हेतूने. त्यांनी काही न सांगता उत्तर देणंच बंद केलं. बाईंनी बहिणीला फोन सुरू केले, रात्री मोबाइलच्या उजेडात घसा बघायला लागल्या. थर्मामीटर कमी झाला, तपासणी तेवढीच राहिली. म्हणून पुढच्या भेटीत दोघांनी मिळून वाक्य ठरवलं: "याचं उत्तर आपण कागदावर लिहिलंय. आत्ता भीती वाटतेय ना? मी बसतो तुझ्याजवळ." बहिणीलाही तेच वाक्य दिलं. उत्तर थांबवायचं असतं, सोबत नाही.

कागदावर होतं दवाखान्यात कधी जायचं ते. दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं: यातलं काहीही दिसलं तर न थांबता जायचं. गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर माणूस किंवा मधुमेह-दम्याचा रुग्ण असेल तर फ्लूची लक्षणं दिसताच डॉक्टरांना कळवायचं, कारण फ्लूचं विषाणूरोधक औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

सहाव्या आठवड्यात मोजणं दोनवर आलं. एका रात्री साथीच्या बातम्या बघून ते पुन्हा सहावर गेलं. त्यानंतर बातम्या दिवसातून एकदाच, पंधरा मिनिटं, आणि झोपायच्या आधी नाहीत असं ठरलं. चार दिवसांत आकडा परत दोनवर. तो उतरला नसता, किंवा तपासण्यात रोज तासाहून जास्त वेळ जात राहिला असता, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं हेही बाईंशी बोलून ठेवलं होतं.