डबे तीन, आहार एकच : वाचकांचे प्रश्न

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी सोलापुरातून आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण चारही पत्रांचा विषय माशांचे खाणे हाच आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. त्यातील पुष्कळ गोष्टी इतर पत्रलेखकांनाही उपयोगी पडतील, म्हणून त्यांनी ते आधी वाचावे.

प्रश्न : आमच्याकडे दोन फुटी, साधारण १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात क्लाऊनफिशची जोडी, तीन हिरवे क्रोमिस, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल आणि शेवाळ खाणारी एक ब्लेनी आहे. आहारात विविधता हवी असे वाचल्यामुळे मी तीन कंपन्यांचे डबे आणून आलटून पालटून देतो आणि आठवड्यातून दोनदा वाळवलेल्या ट्युबिफेक्सची वडी काचेला चिकटवतो. तरीही क्लाऊनचा नारिंगी रंग फिका पडला आहे, एक क्रोमिस बारीक झाला आहे आणि ब्लेनीचे पोट आत गेले आहे. माझे काय चुकते आहे? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण पत्रासोबत तिन्ही डब्यांच्या मागील बाजूची छायाचित्रे पाठवलीत हे फार बरे केले, कारण उत्तराचा मोठा भाग त्या छायाचित्रांतच आहे. तिन्ही डब्यांवर घटकांच्या यादीतील पहिली तीन नावे सारखीच आहेत : माशांची भुकटी, गव्हाचे पीठ आणि सोयाबीनची पेंड. डब्यांचे रंग तीन, कंपन्या तीन, पण माशांच्या पोटात जाते ते एकच. सोमवारी ज्वारीची भाकरी, मंगळवारी ज्वारीची धपाटी आणि बुधवारी ज्वारीच्या कण्या खाऊन आपण जेवणात वैविध्य आहे असे म्हणत नाही, तसेच हे आहे. विविधता मोजायची ती मूळ पदार्थांची. आणि तो पदार्थ ज्याला द्यायचा त्या माशाच्या तोंडाला व आतड्याला मानवतो का, हे त्याच्याबरोबरच पाहायचे.

आपल्या टाकीतील मासे निसर्गात काय खातात ते पाहू. क्रोमिस हे प्रवाळभिंतीच्या वर थव्याने तरंगत, प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म प्राणी दिवसभर एकेक करून टिपत राहतात. क्लाऊन आणि डॅमसेल हेही मुख्यतः तेच टिपतात, जोडीला थोडे शेवाळ खातात. ब्लेनीची गोष्ट निराळी आहे. तिचे दात कंगव्यासारखे बारीक असून दगडावरचा शेवाळाचा पातळ थर आणि त्यात अडकलेला गाळ खरवडून खाण्यासाठीच ते घडलेले आहेत. म्हणजे एका टाकीत आपण दोन निरनिराळ्या पंगती बसवल्या आहेत आणि वाढप मात्र एकाच पंगतीला चालले आहे.

आता ट्युबिफेक्सविषयी. हे गोड्या पाण्याच्या गाळात वाढणारे किडे आहेत. मासे ते आवडीने खातात, त्यामुळे पाळणाऱ्याचा समज होतो की आहार उत्तम चालला आहे. परंतु समुद्री माशांना ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ वर्गातील लांब साखळीची मेदाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात; गोड्या पाण्यातील पुष्कळ मासे साध्या वनस्पतिजन्य मेदापासून ती काही प्रमाणात स्वतः तयार करतात, समुद्री माशांना मात्र हे फारसे जमत नाही, कारण समुद्रातील अन्नसाखळीत ती आयतीच मिळतात. ट्युबिफेक्समध्ये, आणि त्याच फळीवर मिळणाऱ्या लाल अळ्यांमध्ये, त्यांचे प्रमाण तुटपुंजे असते. महिन्यातून एखाद्या वेळी चव म्हणून वडी देण्यास हरकत नाही, तीही आधी भिजवून. आठवड्याच्या आहाराचा तो खांब होऊ शकत नाही.

क्लाऊनचा रंग फिका पडण्याचे एक संभाव्य कारणही याच्याशी जोडलेले आहे. नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्ये माशाचे शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती शेवाळातून आणि शेवाळ खाणाऱ्या कोळंबीवर्गीय प्राण्यांतून येतात. कोळंबी उकळल्यावर जो तांबूस रंग येतो तो याच कुळातील ॲस्टाझँथिनचा. तेव्हा ‘रंगवर्धक’ असे छापलेला चौथा डबा विकत घेण्यापेक्षा खरी कोळंबीवर्गीय खाद्ये द्यावीत, असे माझे मत आहे.

गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे दिसणारे बारीक जीव) सोलापुरात सहज मिळत नसली, तरी पुण्या-मुंबईहून बर्फाच्या पेटीत मागवता येते आणि त्या खर्चाचे चीज होते. प्रथिने आणि मेदाम्ले या दोन्ही बाबतींत ती प्रौढ आर्टेमियापेक्षा, म्हणजे खारट पाण्यात वाढणाऱ्या इवल्याशा कोळंबीवर्गीय जीवापेक्षा, पुष्कळ सरस असते. प्रौढ आर्टेमिया निव्वळ पाण्याची पिशवी आहे असे काही जण म्हणतात. ते थोडे अतिशयोक्त आहे, पण तिला आधी पौष्टिक द्रव पाजलेला नसेल तर तिच्यावर विसंबू नये हे खरे. गोठवलेली वडी टाकीतल्याच पाण्याच्या वाटीत विरघळवावी, चहाच्या बारीक गाळणीने ते पाणी गाळून टाकावे आणि मग खाद्य द्यावे. वितळलेल्या पाण्यात मासा खाऊ शकेल असे काही नसते, टाकीतील शेवाळाला खत मात्र मिळते.

घरी मिश्रण करण्याची तयारी असेल तर तेही उत्तम होते, आणि इथे सोलापूरकराने एक काळजी घ्यावी. आपल्या मासळी बाजारात उजनीचा कटला, रोहू आणि चिलापी भरपूर येते. ती मासळी ताजी असते, पण गोड्या पाण्यातली असते. आपल्याला हवी आहे ती किनाऱ्याहून बर्फात येणारी कोळंबी, माकूळ आणि मिळाल्या तर तिसऱ्या. विक्रेत्याला ‘खाऱ्या पाण्याची की तलावातली?’ असे स्पष्ट विचारावे. कोळंबी सोलून, धुऊन, माकळाचा एक तुकडा आणि तिसऱ्यांचे मांस घालून सुरीने बारीक चिरावे. मिक्सरमध्ये फिरवल्यास त्याचा लगदा होतो आणि निम्मा पाण्यात विरून जातो. त्यात भिजवलेल्या नोरीचे (समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या कागदासारख्या पापुद्र्याचे) कातरलेले तुकडे आणि चमचाभर स्पायरुलिना (नीलहरित शेवाळाची भुकटी) घालावी, सर्व एकत्र बांधण्यासाठी थोडे कोमट जिलेटिन ओतावे आणि पिशवीत पापडाइतका पातळ थर पसरून गोठवावा. जाड थर केला तर रोज तो फोडण्यासाठी बत्ता घ्यावा लागतो. आपल्या सात माशांना एका वेळी करंगळीच्या नखाएवढा तुकडा पुष्कळ झाला. यकृत, चिकन, मटण यांपैकी काहीही या मिश्रणात घालू नये, कारण जमिनीवरील प्राण्यांची चरबी या माशांना नीट पचत नाही.

वाळवलेली सुकट चालेल का, असे आपण पत्राच्या कडेला विचारले आहे. जवळा समुद्रातलाच असल्यामुळे कल्पना चुकीची नाही. परंतु उन्हात वाळताना त्याच्यातील मेद खराब झालेला असतो, त्यात वाळू असते आणि कधी मीठही मारलेले असते. ताजा किंवा गोठवलेला जवळा मिळाला तर तो मात्र जरूर घ्यावा; लहान तोंडाच्या माशांना तो चिरूनच द्यावा.

एक सूचना कच्च्या मांसाविषयी. काही माशांच्या, कोळंबीच्या आणि शिंपल्यांच्या कच्च्या मांसात थायामिनेज नावाचे विकर असते आणि ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. एकच कच्चा पदार्थ महिनोन्‌महिने दिला तर माशात त्या जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होऊ शकते. मिश्रणात तीन-चार निरनिराळे प्राणी घेण्याचे हे आणखी एक कारण. शिवाय तिसऱ्यांना उकळत्या पाण्यातून काढले की उष्णतेने ते विकर निकामी होते.

म्हणजे डबे फेकून द्यायचे का? नाही. चांगल्या पेलेटमध्ये, म्हणजे डब्यातील दाणेदार खाद्यात, जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात आणि घरच्या मिश्रणात ती तशी राखणे कठीण असते, म्हणून दिवसातील एक खाणे पेलेटचे असावे. फक्त तीनऐवजी दोनच डबे ठेवावेत : एक असा, ज्याच्या यादीत सुरुवातीलाच समुद्री मासे, क्रिल (कोळंबीसारखा लहान समुद्री जीव) किंवा माकूळ आहे, आणि दुसरा शेवाळप्रधान. दाणा एक मिलिमीटरच्या आतला असावा. डबा लहान घ्यावा, झाकणावर उघडल्याची तारीख लिहावी आणि दोन-तीन महिन्यांत तो संपवावा, कारण उघडल्यानंतर क जीवनसत्त्व आणि मेद हे दोन्ही हवेने व उष्णतेने खराब होत जातात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि बहुतेक घरांत डबा टाकीच्या झाकणावर, दिव्याशेजारी पडलेला असतो. मी स्वतः एकदा स्वस्त पडतो म्हणून किलोचा डबा आणून वर्षभर तेथेच ठेवला होता आणि मासे खाणे तोंडात घेऊन थुंकू लागल्यावरच तो नाकाशी धरला. खवट शेंगदाणा ओळखायला सोलापूरकराला शिकवावे लागत नाही. वास अगदी तोच होता.

बारीक झालेल्या क्रोमिसचे दुखणे आहारापेक्षा वाढपाचे असावे. पुढच्या वेळी खाणे टाकल्यावर मिनिटभर फक्त त्याच्याकडे पाहा. डॅमसेल मध्यभागी उभा राहून पहिले घास घेतो, इतर दोघे त्याच्या भोवती फिरतात आणि हा तिसरा पंपाच्या मागे थांबून उरलेसुरले खाली पडण्याची वाट पाहतो, असे दिसण्याची शक्यता मोठी आहे. दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा तीन वेळा चिमूटभर, टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. तरीही तो मागेच राहिला तर त्याला वेगळे करावे लागेल. लहान टाकीतील तीन क्रोमिसांपैकी शेवटी एकच उरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ब्लेनीसाठी टाकीची मागची काच खरवडणे आजपासून बंद करावे. बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी एका चपट्या दगडाला रबराने बांधून तळाशी ठेवावी. वर लटकवलेला तुकडा या जातीला पुष्कळदा कळतच नाही. संध्याकाळी उरलेली नोरी काढून घ्यावी. पहिले आठ-दहा दिवस ती तोंड लावणार नाही, म्हणून त्याच दगडावर शेवाळप्रधान पेलेट ओले करून दाबून पाहावे. आत गेलेले पोट हे तातडीचे लक्षण आहे, तेव्हा मायसिसची वाट न पाहता हे काम आधी करावे.

प्रश्न : मी घरी आर्टेमियाची अंडी उबवते. हिवाळ्यात भरपूर पिले निघत, परंतु एप्रिलपासून निम्मीही निघत नाहीत. अंडी खराब झाली का? — एक शिक्षिका, होटगी रस्ता

उत्तर : अंड्यांपेक्षा मला तापमानाचा संशय आहे. उबवणीला २६ ते २८ अंश सेल्सिअस उत्तम असते आणि पाणी ३२-३३ अंशांपुढे गेले की उबवण बिघडते. बाटली स्वयंपाकघरातून काढून घरातील सर्वांत गार खोलीत, पाण्याने भरलेल्या मातीच्या पसरट कुंडीत उभी करावी आणि कुंडीभोवती ओले फडके गुंडाळावे. आपल्याकडील कोरड्या हवेत एवढ्याने पाणी काही अंश सहज उतरते. बाकी कृती आपली बरोबर आहे : लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, सतत हवा आणि पहिल्या काही तासांत उजेड. अंड्यांचा डबा मात्र घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, कारण जूननंतरच्या दमट हवेत ती ओल धरतात.

पिले २४ ते ३६ तासांत निघतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी टरफले वर तरंगतात आणि पिले तळाशी उजेडाच्या बाजूला नारिंगी ढगासारखी जमतात; तेवढीच नळीने ओढून मलमलीत गाळावीत. टरफले माशांच्या आतड्यात अडकू शकतात. पिले त्याच दिवशी द्यावीत, कारण सुरुवातीच्या काही तासांत ती काहीच खात नाहीत, अंगातील साठ्यावर जगतात आणि तो साठा तासागणिक घटत जातो. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची असतील तर त्यांना आधी मेदाम्लांचा द्रव द्यावा लागेल.

प्रश्न : निळ्या-नारिंगी नक्षीचा मँडरिन मासा आणला आहे. तो कोणतेही खाद्य खात नाही, दिवसभर दगड टिपत फिरतो. त्याला कशाची सवय लावावी? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रस्ता

उत्तर : तो दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे जेमतेम डोळ्यांना दिसणारे कवचधारी जीव, दिवसभर टिपून खातो. आपल्या दीड फुटी, तीन महिन्यांच्या टाकीतील हे जीव थोड्याच आठवड्यांत संपतील. ताजी आर्टेमिया पिले नळीने त्याच्या तोंडाजवळ सोडून पाहावीत. काही मासे ती घेतात आणि पुढे गोठवलेल्या खाद्यावरही येतात. आठवडाभरात तो ती टिपू लागला नाही, तर मोठी, जुनी, दगडांनी भरलेली टाकी ज्याच्याकडे आहे अशा व्यक्तीला तो द्यावा. हा सल्ला आपल्याला आवडणार नाही याची मला कल्पना आहे. पुढचा मासा घेताना, तो काय खातो ते दुकानातच खाणे टाकायला सांगून डोळ्यांनी पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. क्लाऊन घ्यायचे असतील तर टाकीत पैदा केलेले मागावेत. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसवलेले आहे आणि असे मासे लहानपणापासूनच दाणा खायला शिकलेले असतात.

प्रश्न : जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरते आणि येणारा प्रत्येक जण माशांना काहीतरी टाकतो. गेल्या वर्षी टाकीत चुरमुरे सापडले. शिवाय त्यानंतर आम्ही चार दिवस गावी जातो. — एक गृहिणी, बाळीवेस

उत्तर : चार दिवस उपाशी राहिल्याने धडधाकट, प्रौढ क्लाऊनला काही होत नाही, शेजाऱ्यांनी प्रेमाने ओतलेल्या मूठभर दाण्याने मात्र टाकीतील पाणी एका रात्रीत खराब होऊ शकते. क्रोमिससारखे सतत टिपणारे मासे असतील तर शेजाऱ्यांकडे कागदाच्या चार पुड्या बांधून द्याव्यात, प्रत्येकीत एका दिवसाचे मोजलेले पेलेट, आणि डबा कपाटात कुलपात ठेवावा. पाहुण्यांच्या बाबतीतही तोच उपाय आहे : त्या दिवसाची पुडी घरातील एका मुलाच्या हाती द्यावी आणि ‘आजचे खाणे हाच वाढणार’ असे सर्वांना सांगून टाकावे. मुले हे काम फार कडकपणे करतात.